तुमच्या गावातल्या खांबावर कुठल्या कंपनीचा दिवा होता? आणि तोच का?

कंदीलवाला

बरेच दिवस हा किडा डोक्यात वळवळतोय, म्हणून धागा काढतोय. विषय जरा विचित्र आहे. जिलबी (फालतू धागा) वाटली तर संपादक मंडळाने खुशाल उडवावा.

लहानपणी आमच्या गावात रस्त्यावरच्या ट्यूबलाईटच्या झाडून सगळ्या पट्ट्या एकाच कंपनीच्या होत्या. मामाच्या गावाला, म्हणजे नदी ओलांडून शेजारच्या तालुक्यात गेलं की सगळीकडे दुसरीच कंपनी. मला वाटायचं की सरकारनेच तालुके वाटून दिलेत. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "उजेड पडतोय ना? मग झालं."

आता गेली अकरा वर्षं क्लीव्हलंडला आहे. इथे आल्यावर कळलं की रस्त्यावरच्या विजेच्या दिव्याचं एक माहेर म्हणजे हेच गाव. चार्ल्स ब्रश नावाच्या इथल्याच इंजिनियरने २९ एप्रिल १८७९ च्या संध्याकाळी पब्लिक स्क्वेअरमध्ये १२ आर्क दिवे (कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीने उजळणारे) लावले आणि बघायला ही गर्दी लोटली. (याच गृहस्थाने १८८८ मध्ये घरामागे अवाढव्य पवनचक्की उभारून घरात वीज खेळवली होती, पण ते अवांतर.) पुढच्या वर्षी, ३१ मार्च १८८० ला, इंडियाना राज्यातल्या वॉबाश या छोट्या गावाने कोर्टाच्या इमारतीवर ब्रशचेच चार दिवे चढवले आणि अख्खं गाव उजळलं. त्यानंतर कितीतरी गावांत 'ब्रश'.

पण सगळीकडे नाही. त्याच इंडियानात फोर्ट वेनला जेनी नावाच्या माणसाची कंपनी होती, तिकडे तिचे दिवे. मॅसॅच्युसेट्समधल्या लिनला थॉमसन-ह्यूस्टन, तिची गावं वेगळी. म्हणजे आमच्या तालुक्यांसारखंच!

असं का, याचं थोडं वाचन केलं. आर्क दिवे एकामागे एक असे माळेत जोडलेले असत. गणपतीतली जुनी माळ आठवा, एक बल्ब गेला की अख्खं तोरण बंद. ब्रशने प्रत्येक दिव्यात अशी सोय केली होती की तो बिघडला तर वीज त्याला वळसा घालून पुढे जाईल. आता अशा माळेत एकच प्रवाह कायम राखायचा, म्हणजे डायनमो (वीज तयार करणारं यंत्र), त्याचं नियंत्रण आणि दिवा हे तिघं एकमेकांना ओळखणारे हवेत. ज्याचा डायनमो घेतला त्याचाच दिवा घ्यायचा. पुढे दिवे वाढवायचे झाले तरी त्याच्याच दारात जायचं. एकदा सोयरीक झाली की झाली.

पण मला खरा आवडलेला भाग वेगळाच आहे. थॉमसन-ह्यूस्टनचा कारभार बघायचा चार्ल्स कॉफिन. हा विजेतला माणूसच नव्हे, लिनमधला बुटांचा कारखानदार! त्याने ओळखलं की गावोगावचे व्यापारी वर्गणी काढून वीज कंपनी काढायला तयार आहेत, पण यंत्रांना द्यायला त्यांच्याकडे रोकड नाही. मग तो किमतीचा काही भाग त्या गावच्या कंपनीच्या शेअर्समध्ये आणि रोख्यांमध्ये घ्यायला लागला. थोडक्यात, उधारी. ज्या गावाच्या कंपनीत तुमचे शेअर आहेत, ते गाव पुढचा दिवा दुसऱ्याकडून घेईल का?

१८८९ मध्ये याच बुटवाल्याच्या कंपनीने ब्रशची कंपनी गिळली आणि १८९२ मध्ये एडिसनच्या कंपनीशी एक होऊन जनरल इलेक्ट्रिक झाली. पहिला अध्यक्ष कोण? कॉफिन.

माझं म्हणणं एवढंच. कुठल्या भागात कुणाचा दिवा चालला हे उजेडावर ठरलं नाही, उधारीवर ठरलं. तुमच्याकडचे अनुभव लिहा.

चहाबाज

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. येऊ द्या.

शंकासुर

लेख आवडला, पण निष्कर्षाला बाडिस, म्हणजे सहमत, म्हणता येत नाही. पेटंट कुठे गेलं?

आर्क दिव्यात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळतात आणि झिजत जातात. एक जोडी साधारण आठ तास पुरायची. तिकडे हिवाळ्यात चौदा तासांची रात्र. म्हणजे मध्यरात्री कुणीतरी बर्फात शिडी घेऊन प्रत्येक खांबावर चढणार. ब्रशने एकाच दिव्यात दोन जोड्या बसवल्या. पहिली संपली की दुसरी आपोआप पेटते. गावाच्या दृष्टीने हा रात्रपाळीचा पगार वाचवणारा दिवा होता, आणि त्याचं पेटंट ब्रशकडे. त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या त्या उगीच नाही. उधारी सगळेच देतील हो, दुसरी जोडी द्यायला अक्कल लागते.

कंदीलवाला

शंकासुर, मान्य. पण मग ज्याच्याकडे अक्कल होती त्याला बुटवाल्याने विकत कसं घेतलं?

शंकासुर

अक्कल विकत घेता येते, हेच तर सिद्ध झालं. :)

बोरीबंदरची_मुलगी

कंदीलवाला, तुमच्या लेखात 'ब्रश' वाचलं आणि खुर्चीतून उठले. वडील बेस्टमध्ये होते. 'बेस्टचं अर्धं नाव ब्रशचं आहे' असं ते म्हणायचे आणि आम्हाला वाटायचं काहीतरी विनोद आहे.

मुंबईत रस्त्यावर गॅसचे दिवे आले १८६५ च्या ऑक्टोबरात. संध्याकाळी दिवे लावणारा माणूस एकेक खांब करत चालला की पोरंटोरं त्याच्यामागे, असं वर्णन आहे. मग १८८२ मध्ये ईस्टर्न इलेक्ट्रिक लाईट अँड पॉवर कंपनीने क्रॉफर्ड मार्केटात आणि काही रस्त्यांवर विजेचे दिवे लावायचा ठेका घेतला. मार्केट उजळलं खरं, पण पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली आणि मार्केट गपगुमान परत गॅसवर. म्हणजे नवीन दिव्याला जुन्या गॅसने पहिल्या फेरीत चीत केलं.

त्यानंतर थेट १९०५. ३१ जुलै १९०५ ला मुंबईला वीज द्यायचा परवाना निघाला. त्यावर सह्या कुणाच्या? बॉम्बे ट्रामवे कंपनी, मुंबई महापालिका आणि ब्रश इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग कंपनी! त्यातून बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी उभी राहिली, वाडीबंदरला त्याच वर्षी नोव्हेंबरात वीज तयार व्हायला लागली, ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली आणि ७ ऑगस्ट १९४७ ला सगळा कारभार महापालिकेकडे आला.

ही ब्रश कंपनी इंग्लंडातली. पण तिचं मूळ कुठलं? क्लीव्हलंडच्या ब्रशसाहेबाची पेटंटं इंग्लंडात वापरण्यासाठी लंडनला जी अँग्लो-अमेरिकन ब्रश कंपनी काढली, तिने १८८९ मध्ये लफबरोचा फाल्कन कारखाना घेतला आणि ती झाली ब्रश इलेक्ट्रिकल. तुमच्या पब्लिक स्क्वेअरचं नि आमच्या वाडीबंदरचं असं आहे बघा.

कंदीलवाला

ताई, दंडवत! अकरा वर्षं त्या चौकातून ये-जा करतोय आणि हे आज कळतंय.

शंकासुर

ताईंची माहिती झकास. फक्त एक खडा टाकतो. १९०५ पर्यंत ती इंग्लिश ब्रश मुख्यतः ट्रामगाड्या, डायनमो आणि यंत्रं करत होती. आडनाव तेच, पण घर वेगळं झालेलं. त्यामुळे मुंबईत क्लीव्हलंडचे दिवे लागले असं कुणी व्हॉट्सॅपवर ढकलू नये.

बोरीबंदरची_मुलगी

मी तसं म्हटलेलंच नाही. पण मुद्दा उलट आणखी पक्का होतो. ज्या कंपनीला ट्राम चालवायचा परवाना मिळाला, वीज तिची झाली, आणि वीज तिची म्हणून रस्त्यावरचे दिवे. दिव्याची निवड कुणी दिवा बघून केलीच नाही. आणि ती वाटणी अजून जिवंत आहे. शहर भागातल्या रस्त्यांचे दिवे बेस्ट बघते. उपनगरात बरीच वर्षं बीएसईएस, मग रिलायन्स, आता अदानी. भांडुप-मुलुंडकडे महावितरण. माहीमची खाडी ओलांडली की तक्रारीचा फोन नंबर बदलतो.

आर्यन_कोथरूड

हिंद लॅम्प्सचं कुणीच लिहिलं नाही? उत्तर प्रदेशात शिकोहाबादला १९५१ मध्ये बल्बचा कारखाना निघाला, भागीदार कोण तर बजाज आणि फिलिप्स, क्रॉम्प्टन, जीईसी वगैरे परदेशी मंडळी. बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी, कारखाना सामाईक. म्हणजे कंदीलवाल्यांच्या गावातला बल्ब आणि मामाच्या गावातला बल्ब एकाच भट्टीतून निघून वेगवेगळे शिक्के मारून घेऊन आलेला असू शकतो.

आणि प्रदेश वाटून घ्यायचंच म्हणाल तर त्याचा लेखी करारही झाला होता. १९२४-२५ च्या सुमारास ओसराम, फिलिप्स वगैरे बड्या बल्बवाल्यांनी जिनिव्हाला फीबस नावाची कंपनी काढली. हजार तासांहून जास्त टिकणारा बल्ब करायचा नाही ही त्यांची अट प्रसिद्ध आहे, पण दुसरी अट आपल्या विषयाची. जगाचे तीन भाग: प्रत्येकाचा स्वतःचा घरचा मुलूख, ब्रिटिश साम्राज्यातले मुलूख, आणि उरलेला सामाईक. ठरलेल्या वाट्याबाहेर विक्री केली तर दंड. तेव्हा कंदीलवालेंचा लहानपणीचा संशय अगदीच वेडगळ नव्हता. तालुके वाटले होते, फक्त सरकारने नाही आणि तालुके जरा मोठे होते.

कंदीलवाला

आजोबा हवे होते आज.

आप्पा_दिवाबत्तीवाले

नमस्कार मंडळी. वाचनमात्र होतो, पण हा धागा बघून राहवलं नाही. घाटावरच्या एका नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यात मी ३१ वर्षं काढली, वायरमन म्हणून लागलो, निवृत्त होताना विभागाचा पर्यवेक्षक. मोबाईलवर टाईप करतोय, चुका सांभाळून घ्या.

मोठमोठ्या गोष्टी झाल्या, आता खांबावरची सांगतो.

आमच्याकडे ट्यूबच्या पट्ट्या काढून सोडियमचे पिवळे दिवे आले तेव्हाची गोष्ट. सोडियमच्या फिटिंगमध्ये चार वस्तू: बल्ब, चोक (करंट आवरणारी तारेची गुंडाळी), इग्निटर, कपॅसिटर. बल्ब कुणाचाही चालतो, आटे तेच. लोकांना वाटतं बाकीचंही तसंच. तसं नाही. सोडियमचा बल्ब नुसत्या २३० व्होल्टवर पेटत नाही, त्याला सुरुवातीला तीन-चार हजार व्होल्टचा झटका लागतो. हा झटका इग्निटर देतो. पण आमच्याकडच्या इग्निटरची जात अशी होती की तो एकटा झटका देऊ शकत नव्हता. चोकच्या गुंडाळीला मध्येच एक तिसरी वायर काढलेली असते, तिला आम्ही टॅप म्हणायचो. इग्निटर त्या टॅपमधून ठोसा मारतो आणि चोक तो मोठा करून बल्बला देतो. आता टॅप किती वेढ्यांवर काढायचा हे ज्याचं त्याचं. एका कंपनीच्या चोकला दुसऱ्याचा इग्निटर जोडला तर एक तर ठोसा कमी पडून बल्ब नुसता लुकलुकतो, नाहीतर जास्त बसून चोक जळतो. दुसऱ्या जातीचे स्वतंत्र इग्निटर मिळायचे, कुठल्याही चोकला चालणारे, पण ते महाग आणि आमच्या दरपत्रकात नव्हते.

एकदा श्रावणात, सणाच्या आदल्या रात्री, बाजारपेठेतले सात दिवे गेले. स्टोअरमध्ये आमचे इग्निटर संपलेले. दुकानातून दुसऱ्या मेकचे आणले, पावसात शिडीवर चढून बसवले. सातातले चार पेटले. शाबासकी घेऊन घरी गेलो. आठवड्यात त्या चारांचे चोक डांबर वितळून खाली ठिबकले. एका भाजीवालीच्या मेथीवर पडलं ते, तिने नगरपालिकेत येऊन जी काही दिवाबत्ती केली ती अजून लक्षात आहे. त्या दिवसापासून साहेबांनी फर्मान काढलं: आपल्याकडे एकच मेक. दुसरा फुकट दिला तरी नको.

हा झाला पहिला पेच. एकदा तुमच्या स्टोअरच्या फळीवर एका कंपनीचे दोनशे चोक पडले की पुढची वीस वर्षं तुम्ही त्या कंपनीचे.

दुसरा पेच कंदीलवाले म्हणतात तोच. तुमचा तो बुटवाला आणि आमच्या तालुक्याचा शेठ, दोघांची पत्रिका एक. नगरपालिकेची बिलं निघायची मार्चमध्ये. दिवे जातात पावसाळ्यात. जूनमध्ये घेतलेल्या मालाचे पैसे पुढच्या मार्चला, तेही निघाले तर. एवढा दम धरणारा दुकानदार आमच्या तालुक्यात एकच होता, आणि त्याच्याकडे ज्या कंपनीची एजन्सी होती तीच कंपनी आमच्या खांबांवर. शेजारच्या नगरपालिकेत वेगळा शेठ, वेगळी एजन्सी. कंपनीच्या साहेबांना वाटायचं त्यांच्या मालाचं नाव झालंय. नाव शेठचं होतं.

तिसरं म्हणजे निविदेतली ती 'अमुक, तमुक किंवा समतुल्य' ही ओळ. समतुल्य या शब्दावर मी आयुष्यात जेवढी भांडणं पाहिली तेवढी भाऊबंदकीतही नाही पाहिली. कुणी समतुल्य माल आणला की साहेब विचारणार, 'समतुल्य हे कोण ठरवणार?' कुणीच सही करायला तयार नाही, कारण उद्या दिवा गेला तर सही करणाऱ्याच्या गळ्याशी. मग अंदाजपत्रकात ज्याचं नाव आधी, त्याचाच माल.

चहाबाज

आप्पा, 'चोक डांबर वितळून मेथीवर'. आजचा दिवस वसूल. तुम्ही वेगळा धागा काढाच.

शंकासुर

आप्पा, लोटांगण. टॅपचा मुद्दा म्हणजे माझ्या पेटंटचा आणि कंदीलवाल्यांच्या उधारीचा दोघांचा बाप निघाला. आर्क दिव्याच्या माळेचीच ही पुढची पिढी. एक वस्तू दुसरीशिवाय चालत नाही अशी गाठ मारून ठेवायची.

एक विचारू? खांब कुणाचे होते? नगरपालिकेचे की वीज मंडळाचे?

आप्पा_दिवाबत्तीवाले

दोन्ही. मुख्य रस्त्यावर आमचे लोखंडी, गल्लीबोळात आणि वाड्यावस्त्यांवर मंडळाचे सिमेंटचे. मंडळाच्या लाईनवर तीन फेज, एक न्यूट्रल आणि दिव्यांची वेगळी पाचवी तार असते. तार आणि खांब मंडळाचा, फिटिंग गावाचं, बल्ब बदलणारा पोरगा ग्रामपंचायतीचा, आणि दिवाबत्ती कर भरून शिव्या देणारा गावकरी. दिवा बंद पडला की चौघं एकमेकांकडे बोट दाखवणार. म्हणून खेड्यात कुठल्याच कंपनीचं राज्य नीट बसलं नाही. सरपंच बदलला की पट्टी बदलली.

श्प्रे_काठचा_सुहास

बर्लिनमधून लिहितोय. इथे उधारी, टॅप, शेठ काहीही नव्हतं, तरी दिवे वाटले गेले होते, आणि ते चक्क आकाशातून दिसतं. २०१३ मध्ये क्रिस हॅडफिल्ड या कॅनेडियन अंतराळवीराने वरून रात्रीच्या बर्लिनचा फोटो काढला. अर्धं शहर पिवळं, अर्धं पांढुरकं, मधली रेघ जवळजवळ जुन्या भिंतीची. भिंत पडून तेव्हा चोवीस वर्षं होत आली होती! पूर्वेकडे सोडियम, पश्चिमेकडे फ्लुरोसंट आणि गॅसचे दिवे. हो, गॅसचे. अजूनही हजारो आहेत. शार्लोटेनबुर्गच्या काही गल्ल्यांत संध्याकाळी फिरलं की वरून बारीक फुसफुस ऐकू येते.

कंपनीचं म्हणाल तर ओसरामचा बल्बचा मोठा कारखाना फ्रीडरिशहाइन भागात होता. युद्धानंतर शहर वाटलं गेलं तेव्हा तो रशियाच्या वाट्याला आला, पुढे सरकारी झाला आणि त्याचं नाव पडलं नार्वा. नायट्रोजन, आर्गॉन आणि व्हॅक्यूम यांची अक्षरं जुळवून केलेलं नाव. ओसरामने आपलं बस्तान पश्चिमेत म्युनिकला हलवलं. म्हणजे एकाच कारखान्याची माणसं, पूर्वेकडच्यांचा बल्ब नार्वा आणि पश्चिमेकडच्यांचा ओसराम. पूर्वेकडच्या नगरपालिकेला दुसरा बल्ब घ्यायची मुभाच नव्हती. आमच्या इमारतीतल्या म्हाताऱ्या शेजारीणबाई पूर्वेच्या. त्यांना पांढरा रस्ता अजूनही दवाखान्यासारखा वाटतो.

कंदीलवाला

सुहास, ही माझ्या उधारीच्या सिद्धांताला लागलेली मोठी ठेच. अर्धा शब्द मागे घेतो. अर्धाच.

कृष्णाकाठ_ते_सॅनहोजे

अजून अर्धाही घ्या मागे. आमच्याकडे सॅन होजेला कित्येक वर्षं रस्त्यांवर लो-प्रेशर सोडियमचे दिवे होते, तो गर्द पिवळा, ज्यात लाल गाडीसुद्धा तपकिरी दिसते. कारण? डोंगरावरची लिक वेधशाळा. हा दिवा जवळजवळ एकाच रंगाचा प्रकाश टाकतो, त्यामुळे खगोलवाल्यांना तेवढा रंग गाळून बाकी आकाश बघता येतं. ॲरिझोनात फ्लॅगस्टाफने तर १९५८ मध्येच आकाशासाठी नियम केला होता. तेव्हा काही भागांत ठराविक दिवे चालण्याचं श्रेय शनी-मंगळाला.

पार्किंगमध्ये आपली गाडी कुठली हे किल्लीचं बटण दाबून ओळखायची सवय मला तिथलीच.

पोलवरचा_पोरगा

मी सध्या एलईडीच्या ठेक्यावर साईट इंजिनियर आहे, म्हणून आत्ताचं सांगतो. आप्पांचा शेठ आता संपला.

जानेवारी २०१५ मध्ये केंद्राचा पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ईईएसएल ही सरकारी कंपनी एकगठ्ठा निविदा काढते, लाखांच्या हिशोबात दिवे घेते, आणि नगरपालिकेकडून एकदम पैसे न घेता वाचलेल्या विजेतून वर्षानुवर्षं हप्ते घेते, देखभाल धरून. हुदहुद वादळाने विशाखापट्टणम झोडपल्यावर तिथले दिवे असेच बदलले. देशभर आजवर १ कोटी ३० लाखांच्या वर दिवे लागलेत. आता एखाद्या गावात कुठल्या कंपनीचा दिवा लागला हे त्या वेळच्या लॉटमध्ये कुणाचा दर कमी होता त्यावर. सूर्या, बजाज, क्रॉम्प्टन, ज्याचा नंबर लागला तो. आमच्या एकाच रस्त्यावर चौकापर्यंत एक मेक आणि चौकापुढे दुसरा, कारण मध्ये लॉट बदलला.

पण टॅपचं भूत गेलं नाही बरं का. एलईडीत त्याचं नाव ड्रायव्हर (दिव्याला ठरलेला करंट देणारं सर्किट). ड्रायव्हर गेला की त्याच करंटचा, त्याच मापाचा, त्याच पेटीत बसणारा ड्रायव्हर पाहिजे. तीन वर्षांनी कंपनी म्हणते ते मॉडेल बंद झालं. मग आम्ही अख्खं फिटिंगच बदलतो. वर फीडर (एकेका भागातल्या दिव्यांना वीज देणारी लाईन) पॅनलमध्ये बसवलेली कंट्रोल यंत्रणा, कुठला फीडर चालू, किती वीज खातोय हे ऑफिसात दिसतं. तिचं सॉफ्टवेअर ज्याचं, तो पुढच्या निविदेत अर्धा जिंकलेलाच असतो. मागच्या पावसाळ्यात एका ठिकाणी आमची यंत्रणा बसवणारी कंपनीच गायब झाली. रोज संध्याकाळी एक माणूस स्कूटरवरून एकेक पॅनल हाताने चालू करत फिरायचा. ताईंनी वर लिहिलंय ना, गॅसचे दिवे लावणारा माणूस आणि मागे पोरं? सेम. फक्त पोरं मोबाईलमध्ये होती.

बोरीबंदरची_मुलगी

आणि मरीन ड्राइव्ह विसरू नका! २०१५ मध्ये सोडियम काढून पांढरे एलईडी लावले तर केवढा गहजब झाला. राणीच्या हाराचं सोनं गेलं म्हणून राजकारण्यांपासून कोर्टापर्यंत बोंब. शेवटी पिवळसर छटेचे दिवे आले. तुम्ही सगळे कंपनी-कंपनी करताय, पण लोकांना कंपनी कधीच दिसत नाही, रंग दिसतो. बर्लिनच्या आजी आणि आमची मुंबई एकाच बाजूला.

शंकासुर

मग कंदीलवाल्यांच्या गावात काय झालं असेल? माझा अंदाज: आप्पांचा शेठ.

कंदीलवाला

काल आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "अरे, त्या पट्ट्या आणायचा तो तुझ्या बाबांचा वर्गमित्र. तालुक्याला दुकान होतं त्याचं. पैसे सवडीने घ्यायचा. दिवाळीला मिठाई यायची त्याच्याकडून." मी दोन मिनिटं गप्प. मामाच्या गावचं तिला ठाऊक नाही, पण मामीला विचारायचं कबूल केलंय.

चहाबाज

म्हणजे प्रदेशनिहाय वर्चस्वाचं कारण: बाबांचा वर्गमित्र. धागा बंद करा.

आप्पा_दिवाबत्तीवाले

बंद नका करू, एक राहिलं.

एलईडी आले तेव्हा जुने चोक उतरवले. आत तांब्याची गुंडाळी, भंगारवाल्यांची रांग लागली होती, सगळे लिलावात गेले. निवृत्तीच्या दिवशी पोरांनी त्यातलाच एक रीतसर पावती फाडून घेतला आणि मला भेट दिला. २५० वॅटचा, तीन-साडेतीन किलोचा धोंडा. आमच्या घरी तो दाराला ओट म्हणून लावतात. वाऱ्याने दार आपटत नाही. नातू पायाला लागला की त्याला लाथ घालतो आणि स्वतःच रडतो.

पोलवरचा_पोरगा

आप्पा, कुठल्या मेकचा आहे तो? टॅपची वायर शाबूत असेल तर फोटो टाका ना, आमच्यातल्या निम्म्या पोरांनी टॅपवाला चोक बघितलेला नाही.

आप्पा_दिवाबत्तीवाले

तीन वायरी आहेत अजून, पिवळी जरा कुरतडलीय उंदराने. मेकचं मात्र लक्षात नाही बघा. दारात ठेवल्यापासून सूनबाईने दोनदा ऑइलपेंट मारलाय त्याला, दाराच्या रंगाचा. आत्ता इथे लाईट गेलीय. सकाळी खरवडून बघतो आणि सांगतो.